वाट्याचा दगड

पाठीमागचं दार लाव

हेर्दिसनं एक्कावन्न वर्षांत स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट सुरू केली होती, आणि तीही तिनं आपल्या हातानं नेऊन बहिणीच्या ओटीत घातली.

गोष्ट म्हणजे वजन उचलणं. बंदरावरच्या जुन्या मिठाच्या गोदामात बेग्गानं व्यायामशाळा काढली होती. बेग्गा तरुणपणी हँडबॉलची गोलरक्षक; अजूनही ती दारात उभी राहिली की दार बंद असल्यासारखं वाटे. तिनं गावातल्या दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला: ज्या बायकांनी आजवर मुलं आणि माशांच्या पेट्या सोडून काही उचललं नाही, त्यांनी सोमवारी यावं. हेर्दिस मासळीच्या कारखान्यात मुकादम. पेट्या तिनं उचलल्या होत्याच, मुलंही. ती गेली.

पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी भीत भीत विचारलं, "बेग्गा, दंड पुरुषांसारखे नाही ना होणार?"

"झाले तर मला सांग, केक घेऊन येते तुझ्या घरी. मी स्वतः वीस वर्षं वाट बघतेय."

लोखंडी दांडे दारापाशी भिंतीला टेकवून ठेवले होते. हेर्दिसनं हाताशी आला तो घेतला. कारखान्यात असंच असतं. हाताशी येईल तो सुरा घ्यायचा आणि बोथट निघाला तरी बोलायचं नाही. बोललं की, "हिच्यासाठी चांदीचा सुरा आणा गं कुणीतरी," असं ऐकून घ्यावं लागतं.

"अशी वाकू नकोस," बेग्गा म्हणाली. "ढुंगण मागे ने. दोन्ही हातांत सामान आहे, वारा सुटलाय आणि गाडीचं दार लावायचंय. कशानं लावशील?"

"ढुंगणानं."

"मग लाव की!"

हेर्दिसनं न दिसणारं दार लावलं आणि दांडा नडग्यांना घासत वर येऊन मांड्यांवर थांबला. तिनं तो खाली ठेवला. पुन्हा उचलला. तो कुणी मागितला नव्हता. कुणाच्या घरी पोचवायचा नव्हता. खाली ठेवला तरी कुणाचं अडणार नव्हतं. घरी जाताना ती गाडीत एकटीच हसली.

काही दिवस तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. मग एका रविवारी बाबांकडे कॉफी पिताना तोंडातून निघून गेलं, आणि तिची धाकटी बहीण स्वाना म्हणाली, "अरे वा, मी पण येते!"

स्वाना

स्वाना सत्तेचाळीस वर्षांची. स्वाना हिवाळ्याच्या तोंडावर राजधानीतून परत आली, नवऱ्याला सोडून, दोन बॅगा आणि कॉफीचं यंत्र घेऊन. स्वाना बाबांच्या घरी माडीवर राहते. स्वानाचे हात लहान. स्वानाला बर्फात गाडी मागे घेता येत नाही. स्वानानं एकदा पॅनकेक केले तर बाबांनी बंदरावर जाऊन चार माणसांना सांगितलं. हेर्दिस कितीतरी हिवाळे बाबांच्या पायऱ्यांवरचा बर्फ काढते, त्यांच्या पायाची नखं कापते, त्यांची औषधं आणते. पण बर्फ पडतो आणि जातो, नखं वाढतात आणि कापली जातात, त्यात बंदरावर सांगण्यासारखं काय आहे?

एवढं सगळं हेर्दिसच्या डोक्यात दिवसभर फिरत असे. कधी सुलटं, कधी शेवटाकडून.

दगड

बाबांच्या घरासमोर, पूर्वी बोटी ओढून ठेवत त्या जागी, एक दगड आहे. समुद्रानं घासून गुळगुळीत केलेला, बसलेल्या मेंढीएवढा, धरायला कुठे कड नाही. त्याच्या शेजारी कमरेइतका उंच खडकाचा कट्टा. जुन्या काळी बोटीवर माणूस घ्यायचा तर आधी दगडाकडे न्यायचे. गुडघ्यापर्यंत उचलला, तर मासळीत अर्धा वाटा. कट्ट्यावर ठेवला, तर पूर्ण. हललाच नाही, तर घरी जाऊन लोकर विंचर.

यंत्राच्या बोटी आल्या, रीत गेली. पण हालवार तांडेल, म्हणजे बाबा, ती सोडायला तयार नव्हते. बोटीवर नवा पोरगा आला की आधी दगड. दगड कट्ट्यावर टेकला की बाबा दोनच शब्द बोलायचे, "पूर्ण वाटा." लहानपणी हेर्दिस खिडकीच्या काचेला नाक लावून ते ऐकायची. ते दोन शब्द कानावर पडले की माणसाची चालच बदलायची.

मुलींना दगडाकडे कुणी नेलं नाही. आणि हालवार तांडेलला मुलगे नव्हते.

हल्ली जूनच्या पहिल्या रविवारी, दर्यावर्दींच्या सणाला, गावातली तरुण पोरं हौसेनं दगड उचलतात आणि बाबा बाकावर बसून निकाल देतात. या वर्षी बेग्गानं सांगून टाकलं, "गोदामातली एक बाई दगड उचलणार. कोण, ते हालवार ठरवतील. दगड त्यांचा."

त्या क्षणापासून हेर्दिसला त्या दोन शब्दांची तहान लागली. एक्कावन्न वर्षांची बाई, दोन नातवंडांची आजी! तिला स्वतःचीच लाज वाटली. तहान काही गेली नाही.

चकत्या

दोघी बहिणी शेजारीशेजारी उचलत. हेर्दिस स्वतःच्या दांड्याकडे बघायच्या आधी स्वानाच्या दांड्याच्या टोकांना अडकवलेल्या वजनाच्या चकत्या बघायची.

हिवाळाभर दोघींच्या दांड्यांवर चकत्या सारख्याच. खरं तर हेर्दिस आधीपासून येत होती, शिवाय ती माशांच्या पेट्यांवर वाढलेली. तेव्हा सारख्या असणं म्हणजे तिचं मागे पडणंच होतं. मग मार्चमध्ये स्वानानं दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक बशीएवढी चकती जास्त चढवली. पोटात श्वास भरला, दार लावलं, आणि दांडा वर.

"वा, पोरी!" बेग्गा ओरडली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. हेर्दिसनंही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच जोरात.

मग तिनं जाऊन तशाच दोन बशा आपल्या दांड्यावर चढवल्या. दांडा गुडघ्याशी आला आणि तिची पाठ मांजरासारखी वर आली.

"ठेव खाली! पाठीनं नको, हेर्दिस. आणि रागानं तर मुळीच नको. राग पाठीत जातो."

"मी कुठे रागावलेय?"

"बरं बाई. मग दांडा रागावला असेल."

शेजारी स्वाना हातांवरची खडूची भुकटी झटकत उभी होती. हसली असती तरी परवडलं असतं.

घरी जे सांगितलं, आणि जे झालं

सांगितलं: "आज मजा आली."

झालं: कपडे बदलायच्या खोलीत नळ मोठा सोडून ती भिंतीला डोकं टेकून उभी होती.

सांगितलं: "स्वाना छान करतेय हं. बरं आहे, एवढं सगळं सोसून आलीय बिचारी."

झालं: स्वानाचे बूट बंदराच्या पाण्यात पडावेत असं तिला वाटलं. स्वाना नव्हे. नुसते बूट. पण दोन्ही.

सांगितलं: "पाठ? छे, पाठ अजिबात दुखत नाही."

"मग पोटात दुखतंय का?" गेस्तुरनं, तिच्या नवऱ्यानं, बटाटे सोलता सोलता विचारलं.



बाबांचं टेबल

एप्रिल. सुका मासा, लोणी, स्वानाच्या यंत्रातली कॉफी. बाबांनी माशाचा तुकडा हातोडीनं ठेचला आणि वर न बघता विचारलं, "तर मग? कोण जास्त उचलतं तुमच्यात?"

स्वानानं हेर्दिसकडे बघितलं. क्षणभरच. मग कपात बघितलं.

"माझ्या दांड्यावर चकत्या जास्त असतात," ती म्हणाली.

"हेर्दिस? खरं का हे?"

"खरं आहे."

"मग दगड स्वाना उचलेल." त्यांनी तुकड्याला लोणी फासलं. विषय संपला.

हेर्दिस उठून कप धुवायला लागली.

"राहू दे गं, मी धुते मागाहून," स्वाना म्हणाली.

"तुझं मागाहून मला ठाऊक आहे. शुक्रवारी येऊन मीच धुते."

"हेर्दिस," बाबा म्हणाले, "तिला टोचून बोलू नकोस."

दांडा

मे महिन्यातल्या एका गुरुवारी स्वानाला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. हेर्दिस एकटीच लवकर आली. तिच्या जागेवर छत गळत होतं आणि बेग्गानं खाली बादली ठेवली होती. म्हणून ती स्वानाच्या जागी गेली, स्वानाच्या दांड्यावर स्वतःच्या नेहमीच्या चकत्या चढवल्या, वाकली, आणि उचलला.

दांडा इतक्या सहज वर आला की ती मागे बादलीवर जाता जाता राहिली.

एक श्वासभर तिला वाटलं, आपल्या अंगात काहीतरी आलं. मग बोटांना कळलं. बोटांची टोकं मुठीत नेहमीपेक्षा पुढे आली होती. दांडा बारीक होता.

"बेग्गा. हा हलका का?"

"बायकांचा दांडा आहे तो. पाच किलो कमी. तुझा पुरुषांचा."

"माझा का पुरुषांचा?"

"तूच घेतलास की. पहिल्या दिवसापासून."

"तू बोलली का नाहीस?"

"एवढे मोठे हात तुझे, मला वाटलं तुला जाड आवडतो. आणि बिघडलं काय? तू जेवढं उचलतेस तेवढं उचलतेसच." बेग्गा थांबली. "एक मिनिट. तू नुसत्या चकत्या मोजत होतीस? दांड्याचं वजन धरलंच नाहीस?"

हेर्दिसच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तुम्ही कारखान्यातल्या सगळ्या एकाच माळेचे मणी," बेग्गा म्हणाली. "मराल, पण विचारणार नाही."

"स्वानाला माहीत आहे?"

"असणारच. तिनंच तर मागून घेतला."

पुन्हा

पुन्हा तो दिवस, स्वानाचा पहिला. हेर्दिस कोपऱ्यात बुटाची नाडी बांधतेय. स्वाना दारापाशी टेकवलेला दांडा उचलते, ठेवते, आणि विचारते, "माझे हात लहान आहेत गं बेग्गा, याहून बारीक नाही का?" इतकं सोपं. विचारलं आणि मिळालं.

पुन्हा बाबांचं टेबल. स्वाना हेर्दिसकडे बघते. क्षणभरच. मग कपात.

पुन्हा. कपात.

दोन्हीकडच्या दोन बशा मिळून पाच किलो. दांड्यातले पाच किलो. म्हणजे मार्चपासून दोघी अगदी सारख्या होत्या. आणि त्याआधी, हिवाळाभर, हेर्दिस पुढे होती.

पोटातली आग आता विझायला हवी होती. उलट ती भडकली. पुढे असूनही तिनं अख्खा हिवाळा मागे असल्यासारखा काढला होता. तो हिवाळा आता कोण परत देणार?

गरम कुंड

गावच्या पोहण्याच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड. गळ्यापर्यंत पाणी, डोक्यावर बारीक गारा. आत दोघीच.

"दांडा," हेर्दिस म्हणाली.

"कुठला दांडा?"

"स्वाना."

गारा पाण्यावर टपटपत राहिल्या.

"हो. माहीत होतं मला."

"सांगणार होतीस?"

"होते."

"कधी?"

"सण झाल्यावर."

"निर्लज्ज!"

"आहे. पण ऐक तरी. मी आल्यापासून बाबा काय म्हणतात माहितीये? नळ गोठला, हेर्दिसला बोलाव. मेंढा कुंपणात अडकला, हेर्दिसला बोलाव. मी तिथंच उभी असते, शेजारी. 'तू राहू दे, तुला लागेल.' जन्मभर मला लागेल! मी म्हटलं, एकदा तरी त्यांनी मला बोलवावं."

"तुझे पॅनकेक साऱ्या बंदराला सांगितले त्यांनी."

"लहान मूल पहिल्यांदा चमच्यानं जेवलं की सांगतात ना, तसे."

हे हेर्दिसला पटलं, आणि पटलं म्हणून आणखीच राग आला. स्वानाचं दुःखसुद्धा कसं नीट, स्वच्छ होतं. सांगितलं की समोरच्याला कळावं असं. हेर्दिसला आपलं सांगायचं म्हटलं तर बर्फ, नखं, कप आणि बूट एवढंच हाती लागत होतं.

"मी आज सांगून टाकते बाबांना," स्वाना म्हणाली. "तू उचल."

"काही सांगू नकोस. त्यांनी तुला निवडलंय, तूच उचल. दगडाला दांडा नसतो, स्वाना."

वरून ते मोठ्या मनाचं बोलणं होतं. आत शाप होता, आणि कुंडात बसलेल्या दोघींनाही ते कळलं.

रविवार

झेंडे लागले होते, पोरं माशांची डोकी घेऊन एकमेकांच्या मागे धावत होती. बाबा टोपी घालून बाकावर. तरुण पोरांचा दगड उचलून झाला. दोघांना अर्धा वाटा, एकाला पूर्ण. मग बेग्गानं हाक मारली आणि स्वाना पुढे झाली.

तिनं दोन्ही पाय दगडाच्या बाजूंना रोवले. पोटात श्वास भरला. पाठ अशी सरळ, की बेग्गानं शेजारणीच्या दंडाला चिमटा काढला. हेर्दिसच्या मनात आलं, नको. आणि लगेच, त्याच्याच पाठीला लागून, पडू दे.

दगड वीतभर उठला. मग स्वानाचे लहान तळवे त्या गुळगुळीत पोटावरून घसरले. तिनं पुन्हा धरला. पुन्हा घसरले. तिसऱ्या वेळी तीच मागे गवतावर बसली, दोन्ही हात मांडीत घेऊन.

लोक हळहळले. आणि बाबा उठले. बाकावरून ते कधी कुणासाठी उठले नव्हते, काठी टेकत ते स्वानाकडे गेले आणि वाकून म्हणाले, "लागलं का गं? नाही ना? हलला तो. मी बघितलं ना, हलला."

हा आवाज हेर्दिसनं कधी ऐकला नव्हता. मऊ, ओला, लोकरीसारखा. कुठून ऐकणार? ती कधी पडलीच नव्हती. नळ गोठला, ती आली. मेंढा अडकला, ती आली. जे मागितलं होतं ते आत्ता तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं, आणि उभ्या उभ्या तिला त्या पडण्याचाच हेवा वाटला.

"हेर्दिस?" बेग्गानं विचारलं.

कुणी निवडलं नव्हतं. ती तरी गेली. हाताला खडू लावला आणि दगडाशी वाकली. दगड थंड होता, खालून ओलसर, बर्फातल्या माशांच्या पेटीसारखा. तिच्या बोटांना तो थंडपणा ओळखीचा वाटला आणि बोटं आपण होऊन त्याच्या पोटाखाली गेली, आत, आणखी आत. श्वास. वारा सुटलाय, दोन्ही हात भरलेत, दार लावायचंय.

तिनं दार लावलं.

दगड नडग्यांवरून सरकत गुडघ्यांवर आला, तिथून मांडीवर. ती उकिडवी तशीच थांबली, दगड पोटाशी धरून, झोपलेलं जड मूल धरावं तसा. मग उठली. कट्ट्यावर दगड टेकल्याचा आवाज अगदी साधा झाला, तळघराचं झाकण पडल्यासारखा.

पोरं ओरडली, कुणी शिट्टी मारली. हेर्दिस बाबांकडे बघत उभी राहिली.

बाबांनी स्वानाच्या खांद्यावर हात ठेवलेला होता. त्यांनी मान वळवून कट्ट्याकडे बघितलं. दगडाकडे, तिच्याकडे नव्हे.

"हो, ती उचलणारच," ते म्हणाले. तिला नाही, वाऱ्याला, नाहीतर बाकावरच्या कुणाला. "तिला मी कधी दगडाकडे नेलंच नाही. न्यायचं कशाला? चालायला लागली तेव्हाच दिसत होतं."

आणि काठी टेकत ते बाकाकडे परत गेले.

ते दोन शब्द आलेच नाहीत. आले ते त्यांच्याहून जास्त होते की कमी, हे हेर्दिसला ठरवता येईना. तिच्या कानात अजून त्या दोन शब्दांची जागा रिकामीच होती, खिडकीच्या काचेवर नाकाचा डाग राहावा तशी.

मग तिचं लक्ष स्वानाकडे गेलं. स्वाना गवतावरच होती. खांद्यावरचा हात निघून गेला होता, आणि ती कट्ट्यावरच्या दगडाकडे बघत होती, हनुवटी जराशी पुढे, ओठ आत ओढलेले, डोळे न लवणारे. हेर्दिसनं तो चेहरा लगेच ओळखला. अख्खा हिवाळा ती तोच चेहरा घालून हिंडली होती. फक्त आजवर तो तिनं आतून बघितला होता.

ती चालत गेली आणि हात पुढे केला.

"उठ."

"न्यायचं कशाला, म्हणे," स्वाना दगडाकडे बघतच म्हणाली. "ऐकलंस ना? मला असं कधी कुणी म्हटलं नाही."

"तुला लागलं का, असं मला कधी कुणी विचारलं नाही."

स्वानानं वर बघितलं. तिच्या तळव्याची कातडी सोलली होती.

"उठ ना."

"थांब जरा. बसू दे मला."

"बस मग," हेर्दिस म्हणाली, आणि हात पुढे करून तशीच उभी राहिली. हाताला दगडाची ओल होती. तिनं तो मागे घेतला नाही.